माडी कीं मोह : अबकारीच्या कागदांविषयीं एक सूचना

हल्लींच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील अबकारीचे कागद वाचतांना मद्य कशापासून केलें हें प्रथम पाहावें, असें आमचें मत आहे. माडाचा रस गोड निघतो खरा, पण कांहीं तासांतच आंबूं लागतो; सांठवितां येत नाहीं. म्हणून भंडारी आपल्या वाडीशीं बांधलेला, आणि कर बसे तो झाडावर. मोहाचें फूल याच्या उलट. सुकल्यावर तें महिनोन्महिने टिकतें, गोणींत भरून दूर जातें, आणि वजनाच्या सुमारें निम्मी त्यांत साखरच. उरणच्या भट्ट्या याच फुलांवर चालत.

१८७८ च्या कायद्यानें मुंबई सरकारनें अबकारीची पकड आवळली. पुढें १८९२ त ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांकरितां मोहफुलांचा निराळाच कायदा करावा लागला. याचें कारण आम्हांस फुलाच्या सुकेपणांतच दिसतें. माड लपवितां येत नाहीं; गोणी माळ्यावर सहज लपते. मात्र तेंच फूल कातकरी-ठाकरांचें अन्नही होतें, हें विसरतां कामा नये.

ज्यांच्या संग्रहीं अशीं दफ्तरें असतील त्यांनीं आकार दर झाडास लिहिला आहे कीं दर मणास, एवढें पाहून आम्हांस कळवावें.