२५ सप्टेंबर : मौलाना मौदुदी यांचा जन्म

१९०३ : ‘जमात-ए-इस्लामी’चे संस्थापक अबुल आला मौदुदी यांचा निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) जन्म. पिंड पत्रकाराचा; दिल्लीत ‘अल-जमियत’ आणि हैदराबादेत ‘तर्जुमान-उल-कुराण’चे संपादन केले. १९४१ मध्ये लाहोरात पक्ष स्थापला. मुस्लिम लीगच्या राष्ट्रवादावर त्यांनी सडकून टीका केली होती. फाळणी होताच मात्र ते पाकिस्तानात गेले आणि तिथे शरियतचे राज्य आणण्यासाठी झगडू लागले. १९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलींच्या काळात लिहिलेल्या पुस्तिकेबद्दल लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. दयेचा अर्ज करायला त्यांनी साफ नकार दिला. पुढे शिक्षा सौम्य होऊन १९५५ मध्ये सुटका झाली. स्त्रीने सत्तेवर बसू नये, असे लिहिणाऱ्या याच मौलानांनी १९६५ च्या अध्यक्षीय निवडणुकीत लष्करशहा अयुब खानांविरुद्ध महंमद अली जिनांच्या भगिनी फातिमा जिनांना पाठिंबा दिला. राजकारण अखेर राजकारणच! मते मात्र कधीच फारशी मिळाली नाहीत. १९७० मध्ये राष्ट्रीय असेंब्लीत पक्षाच्या जागा अवघ्या ४. खरा प्रभाव लेखणीचा. ‘तफहीम-उल-कुराण’ हे भाष्य त्यांनी १९४२ ते १९७२ अशी तीस वर्षे लिहिले. निधन : २२ सप्टेंबर १९७९, अमेरिकेतील बफेलो येथे. दफन लाहोरात.