‘करता येईल’ आणि ‘केले पाहिजे’

माहेर ही काय वस्तू आहे, हे परमुलखात बदलीवर राहणाऱ्या कुटुंबास पहिल्या बाळंतपणात कळते. आमच्या घरी तो प्रसंग आला तेव्हा ऐनवेळी प्रवास अशक्य ठरला. मंडळातील वडीलधाऱ्या स्त्रिया डिंकाचे लाडू घेऊन आल्या, त्यांनी बाळाला न्हाऊ घातले आणि बाळंतिणीस शेक दिला. जिथे असे मंडळ नसेल तिथे हे कोणी करावे, असा प्रश्न तेव्हा आमच्या मनात आला. पुढे इतिहास वाचताना ध्यानी आले की, दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड व वेल्समध्ये ही जबाबदारी नगरपालिका आणि परगण्यांची कौन्सिले यांच्याकडे आली होती.

याची सुरुवात त्याआधीची. हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ साली लाँगवुड भागात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलास, ते वर्षाचे झाल्यास, एक पौंड देण्याचे वचन दिले. १९१५ च्या कायद्याने जन्माची खबर ३६ तासांत आरोग्याधिकाऱ्यास कळविणे सर्वत्र सक्तीचे झाले; त्या खबरीवरून आरोग्यसेविका घरी भेट देई. १९१८ साली माता-बालकल्याणाचा कायदा झाला. त्यान्वये कौन्सिलांना बालकल्याण केंद्रे, प्रसूतिगृहे, गरोदर स्त्रियांची तपासणी चालविता येऊ लागली; त्यासाठीच्या समितीत किमान दोन स्त्रिया असाव्यात अशी अट होती. मान्य खर्चाचा निम्मा भार मध्यवर्ती सरकार उचली.

परंतु कायद्याची भाषा ‘करता येईल’ अशी होती, ‘केले पाहिजे’ अशी नव्हती. आमची हयात फायलींत गेल्यामुळे या दोहोंतील अंतर आम्ही पुरते ओळखून आहो. जिथे बेकारी मोठी, तिथे गरजही मोठी. पण उरलेला निम्मा खर्च स्थानिक करांतून उभा करणे तिथल्याच कौन्सिलांना सर्वांत जड जाई.

तरीही अर्भकांचे मृत्यू घटले. १९२० साली हजारी सुमारे ८० असलेले प्रमाण १९३९ पर्यंत ५० च्या आसपास आले. त्याचे सारे श्रेय वजनकाट्यास आणि दुधास देणे बरोबर नव्हे. कुटुंबे लहान झाली होती, राहणीही सुधारली होती.

मातांचे मात्र तसे झाले नाही. हजार जन्मांमागे चारांहून अधिक माता १९३४ सालीही दगावत होत्या. आरोग्य मंत्रालयातील डॉ. जॅनेट कँपबेल यांनी १९२४ च्या अहवालात या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. १९३२ च्या चौकशी समितीस जवळजवळ निम्म्या मृत्यूंत टाळता येण्याजोगी कारणे आढळली. केंद्रात सल्ला मिळे. उपचारासाठी मात्र खाजगी डॉक्टरांकडे जावे लागे, कारण आपल्या व्यवसायावर आक्रमण त्यांना रुचत नव्हते. तपासणारा एक, बाळंतपण करणारा दुसरा. सूतिकाज्वरावर तर खात्रीचे औषधच नव्हते.

१९३६ साली दोन गोष्टी घडल्या. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात डॉ. लेनर्ड कोलब्रुक यांनी प्रॉन्टोसिल या नव्या औषधाने सूतिकाज्वराचे रुग्ण वाचतात हे दाखविले, आणि पुढील काही वर्षांत मातांचे मृत्यू झपाट्याने उतरले. याच वर्षीच्या सुईणींच्या कायद्यात अखेर ‘केले पाहिजे’ ही भाषा आली. पुरेशा पगारी सुईणींची सोय करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. बाळंतिणीच्या घरच्यांपाशी पैशाची गोष्ट काढण्याची पाळी त्या सुईणीवर उरली नाही. फी कौन्सिलाने, तीही ऐपत पाहून, वसूल करावयाची होती.