ड्रमसेट

एका वादकाने बसून हातापायांनी वाजवायचा ढोल व झांजांचा पाश्चात्त्य तालवाद्यसंच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, जॅझ संगीताबरोबर तो आकारास आला. विल्यम लुडविग यांच्या १९०९ च्या पेडलमुळे बेस ड्रम पायाने वेगात वाजवता येऊ लागला.

संचात बेस ड्रम, तळाशी तारा ताणलेला स्नेअर, टांगते टॉम व जमिनीवरचा फ्लोअर टॉम असतात. झांजांपैकी हाय-हॅट ही पायाने मिटणारी जोडी साधारण १४ इंच व्यासाची असते. १६ ते १८ इंची क्रॅश ठसक्यासाठी, तर २० ते २२ इंची राइड सलग लय धरण्यासाठी वापरतात. उत्तम झांजांच्या काशात सुमारे ८० टक्के तांबे व २० टक्के कथील असते. झांजा बनवणाऱ्या झिल्जियन या पेढीची स्थापना १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे झाली.

वसई-विरार परिसरातील ख्रिस्ती लग्नांत ब्रासबँडची प्रथा आहे. त्यात मोठा ढोल, साइड ड्रम व हातझांजा वेगवेगळे वादक वाजवतात. ड्रमसेटमध्ये ही कामे एकाच वादकाकडे येतात. ईस्ट इंडियन या तेथील ख्रिस्ती समाजाचे पारंपरिक तालवाद्य मात्र घुमट हे आहे. हिंदी चित्रपटसंगीतात कावस लॉर्ड व फ्रँको वाझ हे नामवंत ड्रमवादक होत.