नुसतं यमक की खरं नातं?

दोन शब्दांचं यमक जुळलं म्हणजे त्यांचा अर्थही जुळला, असं होत नाही. आम्हा कवींना हे लवकर कळतं. आकड्यांच्या बाबतीत मात्र हाच धडा विद्वानांना पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. त्या धड्याची ही हकिकत.

नोव्हेंबर १९२५. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत अध्यक्ष जॉर्ज अडनी यूल भाषणाला उभे राहिले. त्यांनी इंग्लंड-वेल्समधले १८६६ ते १९११ या काळातले आकडे मांडले. एका रांगेत, एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्यांचं प्रमाण. दुसऱ्या रांगेत मृत्युदर. दोन्हींचा सहसंबंध निघाला ०.९५. जुळणी तंतोतंत असती, तर तो १ आला असता. मग चर्चमधली लग्नं बंद केली की माणसं मरायची थांबतील का?

अर्थातच नाही. दोन्ही आकडे आपापल्या कारणांनी घटत होते, इतकंच. यूल यांनी मूळ दुखणं दाखवलं. नेहमीचं गणित प्रत्येक नोंद सुटी धरतं. पण काळाच्या ओघातले आकडे सुटे नसतात. यंदाचा भाव गेल्या वर्षीच्या भावाच्या खांद्यावर बसून येतो. अशा आकड्यांच्या रांगेला कालश्रेणी म्हणतात.

तरीही अर्थशास्त्रात असे ताळे जुळवणं सुरूच राहिलं. १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी संगणकावर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या रांगा तयार केल्या. प्रत्येक नवा आकडा म्हणजे मागचा आकडा आणि त्यात नशिबानं पडलेली भर किंवा घट. तरी नेहमीच्या कसोटीनं सुमारे तीन चतुर्थांश वेळा ‘संबंध आहे’ असाच कौल दिला!

यावर उपाय म्हणून आकड्यांऐवजी त्यांच्यातली वर्षावर्षाची वाढ-घट तपासावी, असं ठरलं. पण त्यात दीर्घकाळचं खरं नातंही पुसलं जाई. ग्रेंजर यांचे सहकारी डेव्हिड हेन्‍ड्री म्हणाले, दोन भरकटत्या रांगांमधलं अंतर स्थिर राहू शकतं. त्यांचं चूक आहे हे सिद्ध करायला ग्रेंजर बसले, आणि हेन्‍ड्रीच बरोबर असल्याचं त्यांच्या हातून सिद्ध झालं!

दोन मोकाट बैल काही वेळ एकाच वाटेनं जातील, पण पुढे कुठेही पांगतील. एका जुवाला जोडलेले बैल मात्र थोडे मागेपुढे झाले तरी फार दूर जात नाहीत. हे जू ओळखायची रीत ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये मांडली. अमेरिकेतल्या लोकांचं उत्पन्न आणि खर्च यांच्यात त्यांना ते सापडलं. मजुरी आणि किमती यांच्यात सापडलं नाही.

एंगल यांनी १९८२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली होती. ब्रिटनच्या महागाईत उलथापालथीचे काळ सलग येतात आणि शांततेचेही सलग येतात, हे त्यांनी गणितात बसवलं. शेअर बाजाराची जोखीम मोजायला हीच रीत पुढे कामी आली. २००३ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

हा काथ्याकूट केवळ पंडितांचा नाही. व्याजाचे दर, बाजारातली गुंतवणूक असे निर्णय अशाच आकड्यांवर घेतले जातात, आणि यमकाला नातं समजून घेतलेल्या निर्णयाची किंमत कर्जदाराला, नोकरदाराला मोजावी लागते. म्हणून कुणी एकत्र चढणाऱ्या दोन रेषा दाखवून कारण सांगू लागला, तर मी आधी विचारतो : यांच्या मानेवर जू एक आहे, की फक्त वाट एक?