पेव, कणगी आणि उंदीर

पीक बुडाले की त्याची नोंद इतिहासात होते. पिकून घरी आलेले धान्य नासले, तर ती नोंद कोण करणार? दुष्काळांचे इतिहास पुष्कळ झाले. उंदराने खाल्लेल्या ज्वारीला बखरकार मिळाला नाही.

तरीही उंदीर आपल्या कागदपत्रांत डोकावतोच. १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांचे जे पत्र गेले ते आठवावे. पावसाळ्याचा दाणावैरणीचा साठा उधळाल, मग कुणब्यांचे ओढून आणाल, आणि रयतेला मोगलांहून वाईट वाटाल, असा त्याचा रोख आहे. त्यातच जळती वात उंदीर ओढून नेईल नि गवत पेटेल, ही धास्ती! कोठाराची एवढी बारीक काळजी पुढच्या किती राज्यकर्त्यांनी वाहिली?

कणगी उंदराला थोपवीत नसे. देशावरच्या शेतकऱ्याचा खरा तोडगा म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचे अस्तर, वर मातीने तोंड बंद. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू संपला की कीड गुदमरते. मात्र ती हवा माणसालाही सोडीत नाही. पेव उघडताच आत उतरलेली माणसे दगावली आहेत. म्हणून जाणते लोक आधी दिवा सोडून पाहात. शिवाय ओल शिरली की कडेचे धान्य काळे पडे. पेवाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९६५-६६ साली अवर्षणाने देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ७ कोटी २० लाख टनांवर घसरले, आणि १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले. त्याच दशकात पानसे समितीने हिशेब मांडला: कापणीनंतरची नासाडी ९.३३ टक्के; पैकी ६.५८ केवळ साठवणीतली. उंदीर २.५०, कीड २.५५! सरासरी एका वाईट वर्षाला लावणे काटेकोर नव्हे, तरी गुणाकार करून पाहा. सुमारे ६७ लाख टन होतात. ज्या जहाजांकडे आपण डोळे लावून बसलो होतो, त्यांतील दोन-तृतीयांश माल घरातच सांडत होता.

पुढे अन्न महामंडळाची गोदामे उभी राहिली, पत्र्याच्या कोठ्या आल्या. २०१५ च्या पाहणीत तृणधान्यांची नासाडी ४.६५ ते ५.९९ टक्के भरली. प्रमाण घटले खरे. परंतु पीकही तिपटीहून अधिक झाले होते. तेव्हाच्या त्या पाच टक्क्यांचे वजन १९६६ साली आणलेल्या सगळ्या धान्याहून थोडे अधिकच भरत होते.