डिफॉल्ट जामीन आणि यूएपीए : सुधा भारद्वाज प्रकरणाचा संदर्भ

तपास यंत्रणेने कायद्यातील मुदतीत आरोपपत्र दाखल न केल्यास कोठडीतील आरोपीला जामिनाचा जो हक्क प्राप्त होतो, त्यास ‘डिफॉल्ट जामीन’ म्हणतात. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील, म्हणजेच यूएपीएखालील खटल्यांत त्याचे महत्त्व मोठे आहे. कारण आरोप सकृद्दर्शनी खरे वाटल्यास दहशतवादविषयक गुन्ह्यांत जामीन देण्यास या कायद्याचे कलम ४३-ड (५) मनाई करते.

भिलाईतील कामगार चळवळीत कार्यरत असलेल्या विधिज्ञ सुधा भारद्वाज यांना एल्गार परिषद प्रकरणी पुणे पोलिसांनी २८ ऑगस्ट २०१८ रोजी अटक केली. आरंभी त्या गृहकैदेत होत्या. ऑक्टोबर २०१८ अखेरीस त्यांना पोलिस कोठडीत घेण्यात आले.

यूएपीएखाली आरोपपत्रासाठी ९० दिवसांची मुदत असते. सरकारी वकिलांचा अहवाल पाहून न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. भारद्वाज यांच्या कोठडीचे ९० दिवस २५ जानेवारी २०१९ रोजी पूर्ण झाले; आरोपपत्र मात्र २१ फेब्रुवारी २०१९ रोजी सादर झाले. दरम्यानची मुदतवाढ पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी दिली होती.

पुण्यात एनआयए कायद्याखालील विशेष न्यायालय अस्तित्वात असताना या न्यायाधीशांना तो अधिकार नव्हता, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. एस. एस. शिंदे व न्या. एन. जे. जामदार यांच्या खंडपीठाने १ डिसेंबर २०२१ रोजी देऊन भारद्वाज यांना जामीन मंजूर केला. एनआयएचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ७ डिसेंबर रोजी फेटाळले आणि ९ डिसेंबर रोजी भायखळा कारागृहातून त्यांची सुटका झाली. मुंबईतील विशेष न्यायालयाची हद्द परवानगीविना न सोडण्याची अट असल्याने भिलाईला परतणे मात्र त्यांच्या हाती राहिले नाही.

याच प्रकरणातील अन्य आठ आरोपींचे अर्ज उच्च न्यायालयाने त्याच दिवशी नामंजूर केले. त्यांनी हा हक्क योग्य वेळी बजावला नव्हता, हे त्याचे कारण. आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज न केल्यास हा हक्क संपुष्टात येतो. त्यामुळे आरोपीला वेळेत मिळणारे कायदेशीर साहाय्य येथे निर्णायक ठरते.

हा जामीन आरोपांच्या सत्यासत्यतेवर भाष्य करीत नाही. खटला पुढे चालूच राहतो. दोषसिद्धीपूर्वीची कोठडी मात्र कायद्याने ठरविलेल्या न्यायालयाच्या आदेशानेच लांबविता येते.