तीव्र आणि सौम्य विद्युत अपघटनी : नावातील फसगत

एका चंचुपात्रात साखरेचे द्रावण, दुसऱ्यात मिठाचे द्रावण आणि तिसऱ्यात व्हिनेगर घ्यावे. बॅटरी व छोटा दिवा जोडलेले कार्बनचे दोन दांडे क्रमाने त्यांत बुडवावेत. साखरेच्या द्रावणात दिवा लागत नाही, मिठाच्या द्रावणात तो उजळतो, तर व्हिनेगरमध्ये जेमतेम मिणमिणतो. पदार्थांचे तीन वर्ग या साध्या प्रयोगातून स्पष्ट होतात.

ज्या पदार्थाचे द्रावण वीज वाहून नेते, त्यास विद्युत अपघटनी पदार्थ म्हणतात. हे वहनाचे काम विद्युतभारित कण, म्हणजेच आयन करतात. पदार्थ आयनांत विभागला जाण्याच्या क्रियेस विचरण असे नाव आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात या सिद्धांताचा पाया घातला. परीक्षकांनी प्रबंधास खालची श्रेणी दिली. मात्र याच सिद्धांतासाठी त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मीठ, हायड्रोक्लोरिक आम्ल, कॉस्टिक सोडा यांचे विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण विचरण होते. हे तीव्र विद्युत अपघटनी होत. ॲसिटिक आम्ल, अमोनिया, कार्बोनिक आम्ल हे सौम्य गटात मोडतात. ॲसिटिक आम्लाच्या ०.१ मोलर द्रावणात शंभरातील जेमतेम एक-दोन रेणूंचेच विचरण झालेले असते. उरलेले रेणू अखंड असतात.

मात्र ही स्थिती गोठलेली नसते. रेणू फुटत असतात आणि आयन पुन्हा जुळत असतात. दोन्ही क्रियांचा समतोल साधलेला असतो. द्रावणात आणखी पाणी घातले, तर विचरणाचे प्रमाण वाढते. आयन खर्ची पडू लागले, तर अखंड रेणू फुटून त्यांची जागा भरून काढतात. म्हणूनच सारख्याच संहतीच्या एक लिटर ॲसिटिक आम्लास आणि एक लिटर हायड्रोक्लोरिक आम्लास उदासीन करण्यासाठी कॉस्टिक सोडा सारखाच लागतो.

तेव्हा ‘सौम्य’ हे विशेषण या क्षणी किती रेणू विभागले आहेत, एवढेच सांगते. पदार्थ किती संहत आहे वा किती घातक आहे, याचा त्यातून बोध होत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल हे याचे ठळक उदाहरण होय. काचेवर कोरीवकाम करण्यासाठी व अर्धवाहक उद्योगात वापरले जाणारे हे आम्ल शास्त्रीयदृष्ट्या सौम्य आहे, ०.१ मोलर द्रावणात त्याचे विचरण सुमारे ८ टक्केच होते. परंतु त्याचे अखंड, भाररहित रेणू त्वचेतून सहज आत शिरतात. आत फ्लोराईड आयन कॅल्शियमशी बांधले जातात आणि ते खर्ची पडताच नवे रेणू फुटत राहतात. विरल द्रावण अंगावर सांडल्यास वेदना काही तासांनंतरही सुरू होऊ शकतात. रक्तातील कॅल्शियम घटल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो. त्यामुळे त्वचा तत्काळ भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावणे आणि विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

सौम्य आम्लाचा हाच राखीव साठा शरीराचे रक्षणही करतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखण्यात कार्बोनिक आम्ल व बायकार्बोनेट यांच्या जोडीचा मोठा वाटा असतो. रक्तातील आम्लता वाढली, तर बायकार्बोनेट जादा हायड्रोजन आयन सामावून घेते. ती घटली, तर कार्बोनिक आम्ल ते पुरवते. पूर्णपणे विभागलेल्या तीव्र आम्लापाशी असा साठा शिल्लक नसतो.

बाटलीवरील ‘सौम्य आम्ल’ हे शब्द वाचताना म्हणूनच आम्ल कोणते व त्याची संहती किती, हेही पाहणे अगत्याचे आहे.